हेक्टरी उताऱ्याचे फसवे कोष्टक

इजिप्तमध्ये गव्हाचा उतारा हेक्टरी सुमारे ६५ क्विंटल पडतो. भारतात तो ३५ क्विंटलांच्या आसपास आहे आणि ऑस्ट्रेलियात अनेक वर्षांची सरासरी घेतली तर तो २० क्विंटलांच्या मागेपुढे घुटमळतो. केवळ या तीन आकड्यांवरून निष्कर्ष काढावयाचा तर इजिप्तचा शेतकरी सर्वांत कुशल, भारताचा मध्यम आणि ऑस्ट्रेलियाचा सर्वांत मागासलेला, असे म्हणावे लागेल. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. इजिप्त हा गव्हाची आयात करणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या देशांपैकी एक असून आपल्या गरजेचा जवळजवळ निम्मा गहू त्याला परदेशांतून आणावा लागतो. उलट ऑस्ट्रेलिया आपल्या गव्हाचा बहुतांश भाग निर्यात करतो आणि तेथील शेतकऱ्याचे राहणीमान नाईलकाठच्या फेल्लाहापेक्षा कितीतरी उंचावलेले आहे.

हा विरोधाभास ध्यानात घेण्याचे कारण असे की, देशोदेशींच्या हेक्टरी उत्पादनाची कोष्टके मांडून भारतीय शेतकऱ्याच्या मागासलेपणाचा निवाडा करण्याची प्रथा आपल्याकडे दृढमूल झाली आहे. अंदाजपत्रकावरील चर्चेत, कृषिविषयक परिसंवादांत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही ती आढळते. कोष्टकातील आकडे बव्हंशी खरे असतात. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडून मागितले जाते, ते देण्याची क्षमता त्यांच्या ठायी नसते. या गल्लतीची किंमत अखेर कोणाला मोजावी लागते, हे पाहणे अगत्याचे आहे.

आकड्यांच्या पोटात काय असते?

प्रथम मोजमापाचाच प्रश्न घ्यावा. भारत सरकारची आकडेवारी तांदळाचे उत्पादन भरडलेल्या तांदळाच्या रूपात देते, तर आंतरराष्ट्रीय अन्न व शेती संघटनेची आकडेवारी साळीच्या म्हणजे भाताच्या रूपात असते. साळीपासून साधारणतः दोन-तृतीयांश तांदूळ मिळतो. त्यामुळे भारताचा हेक्टरी सुमारे २८ क्विंटलांचा तांदूळ आणि चीनची हेक्टरी सुमारे ७० क्विंटलांची साळ शेजारी ठेवली, की प्रत्यक्षातील अंतर दीडपटीने फुगते. चीनचा उतारा भारताहून पुष्कळ अधिक आहे, हे खरेच आहे. तथापि तो अडीचपट नाही.

दुसरी गोष्ट काळाची. हेक्टरी उत्पादन एका पिकाचे असते, एका वर्षाचे नव्हे. इंग्लंडमधील गहू ऑक्टोबरच्या सुमारास पेरला जातो आणि पुढील ऑगस्टमध्ये कापला जातो. सुमारे दहा महिने जमीन अडवून तो हेक्टरी ८० क्विंटल उतारा देतो. पंजाबचा गहू नोव्हेंबरमध्ये पेरून एप्रिलच्या मध्यास निघतो आणि त्याचा उतारा ४८ क्विंटलांच्या आसपास असतो. दिवसांचा हिशेब केला तर इंग्लंडच्या शेतात दररोज हेक्टरी सुमारे २७ किलो, तर पंजाबच्या शेतात सुमारे ३२ किलो गहू तयार होतो. शिवाय त्याच जमिनीत पंजाबचा शेतकरी पावसाळ्यात भात घेतो. दोन्ही पिकांचे मिळून वर्षाला हेक्टरी ११० क्विंटलांहून अधिक धान्य त्याच्या पदरात पडते. मग अधिक उत्पादक कोण, इंग्लंड की पंजाब?

येथेच तिसरा मुद्दा उपस्थित होतो. पंजाबचे हे वैभव जमिनीखालील पाण्यावर उभे आहे. त्या राज्यात दरसाल जेवढे पाणी भूगर्भात मुरते, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते. भाताची लावणी मोसमी पावसाच्या जवळ ढकलण्यासाठी २००९ साली तेथे कायदाच करावा लागला. हेक्टरी उत्पादनाच्या रकान्यात या उपशाची नोंद कोठेही होत नाही. भांडवल खाऊन केलेला खर्च उत्पन्न म्हणून दाखवणाऱ्या व्यापाऱ्याच्या हिशेबाला जी किंमत असते, तीच अशा आकड्यालाही असते.

ब्रॉडबाल्कच्या शेताची साक्ष

युरोपच्या भरघोस उत्पादनाचे श्रेय तेथील शेतकऱ्याच्या कर्तबगारीला किंवा जमिनीच्या सुपीकतेला देण्यात येते. याविषयी एका शेताची साक्ष काढण्याजोगी आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हावरील खतांचा प्रयोग सुरू केला. तो आजतागायत अखंड चालू आहे. या शेताच्या एका तुकड्याला आरंभापासून कोणतेही खत दिलेले नाही. तेथे वर्षामागून वर्षे गहू घेतला असता उतारा हेक्टरी सुमारे १० क्विंटल पडतो. हवा इंग्लंडची, मशागत शास्त्रज्ञांची, बियाणे वेळोवेळी बदललेले आणि तरीही उतारा सोलापूरच्या ज्वारीची आठवण करून देणारा. शेजारच्याच भरपूर खत दिलेल्या तुकड्यांतून त्याच्या अनेक पटींनी धान्य निघते.

याचा अर्थ असा की, ज्याला देशाची उत्पादकता म्हटले जाते ती बव्हंशी त्या देशाने जमिनीत काय घातले याची नोंद असते. अर्थात जमिनीत काय घालावयाचे हे शेतकरी हवेतून ठरवीत नाही; पिकाला मिळणारा भाव, खताची किंमत आणि पीक हाती येण्याची शाश्वती पाहून ठरवतो. दुसरे महायुद्ध संपले त्या वेळी खुद्द इंग्लंडमध्ये गव्हाचा उतारा हेक्टरी २५ क्विंटलांच्या आसपास, म्हणजे आजच्या भारताहून कमी होता. १९४७ च्या कृषी कायद्याने तेथील शेतकऱ्याला किमतीची हमी मिळाली. १९६२ पासून युरोपीय सामायिक बाजारपेठेचे कृषी धोरण आकाराला आले आणि १९७३ साली ब्रिटनही त्या छत्राखाली गेले. नवे वाण, नत्रखते आणि रोगनाशके यांनी उतारा तिपटीहून अधिक वाढविला हे खरे. पण त्यांचा खर्च परवडण्याजोगी भावाची पातळी सार्वजनिक तिजोरीने आणि ग्राहकाने सांभाळली होती.

याची उलट बाजू आफ्रिकेत दिसते. सहाराच्या दक्षिणेकडील देशांत तृणधान्यांचा सरासरी उतारा हेक्टरी १५ ते १७ क्विंटल आहे. तेथे रासायनिक खतांचा सरासरी वापर हेक्टरी २० किलोंच्या आसपास आहे, तर भारतात तो सव्वाशे किलोंहून अधिक आहे. २००६ साली नायजेरियाची राजधानी अबुजा येथे भरलेल्या आफ्रिकी देशांच्या परिषदेने हा वापर २०१५ पर्यंत ५० किलोंवर नेण्याचा संकल्प सोडला. तो सिद्धीस गेला नाही. बंदरापासून शेकडो मैल आत, कच्च्या रस्त्याने पोहोचणारे खत शेतकऱ्याला महाग पडते आणि त्याच रस्त्याने बाजाराकडे निघालेले धान्य स्वस्तात विकले जाते. या दुहेरी कात्रीत सापडलेला शेतकरी खत विकत घेत नाही, यात अज्ञानाचा भाग किती आणि शहाणपणाचा किती, हे तपासले पाहिजे. ज्या इथिओपियाचे नाव १९८४ च्या दुष्काळाने जगभर झाले, तेथे या शतकाच्या आरंभी १२ क्विंटलांच्या आसपास असलेला तृणधान्यांचा उतारा पुढील दोन दशकांत दुपटीच्या घरात गेला. रस्ते, कृषिविस्तार सेवा, सुधारित बियाणे आणि खते यांवर तेथे खर्च झाला होता. शेतकरी मात्र तेच होते.

बियाणे प्रवास करते, पाणी करीत नाही

बियाण्याचा इतिहासही हेच सांगतो. जपानमध्ये १९३५ साली प्रसृत झालेल्या ‘नोरिन-१०’ या बुटक्या गव्हाच्या वंशवेलीत अमेरिकन गव्हाचा अंश होता. हा वाण महायुद्धानंतर, १९४६ साली, अमेरिकेत नेण्यात आला. तेथील संकरातून आलेले वंशज मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती पडले आणि १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आयात केले. १९५०-५१ साली ज्या देशाचा गव्हाचा उतारा हेक्टरी साडेसहा क्विंटलांच्या आसपास होता, तो आज त्याच्या पाचपटीच्या पुढे गेला आहे. भाताचीही कथा अशीच आहे. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली प्रसृत केलेल्या ‘आयआर-८’ वाणाची एक जनक जात इंडोनेशियातील, तर दुसरी तैवानमधील होती.

बियाणे समुद्र ओलांडून जाते. परंतु ज्या पाण्याच्या भरवशावर ते फळते, ते पाणी त्याच्याबरोबर जात नाही. भारतात गव्हाखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र आज ओलिताखाली आहे. त्याखेरीज १९६५ साली स्थापन झालेला कृषिमूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ यांनी किमतीचा आणि खरेदीचा आधार दिला. हरितक्रांतीचे बियाणे याच तिपाईवर उभे राहिले. महाराष्ट्रात ज्वारीचा ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित वाण १९६४ सालीच आला होता, म्हणजे मेक्सिकन गव्हाच्या आधी. कोरडवाहू ज्वारीला तिपाईचे उरलेले दोन पाय मात्र मिळाले नाहीत.

कोणत्या गोष्टीची टंचाई, तिचीच काटकसर

हेक्टरी उतारा हे जमिनीच्या काटकसरीचे माप आहे. जेथे जमीन दुर्मिळ आणि मनुष्यबळ विपुल, तेथे ते माप सयुक्तिक ठरते. युजिरो हायामी आणि व्हर्नन रटन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जपान आणि अमेरिका यांच्या कृषिविकासाची तुलना केली. जपानने खते आणि सुधारित वाण यांच्या साहाय्याने जमिनीची काटकसर केली. अमेरिकेने यंत्रांच्या साहाय्याने श्रमाची काटकसर केली. दोन्ही देश यशस्वी झाले, कारण दोघांनीही आपल्याकडे जे कमी आहे तेच जपून वापरले. अमेरिकेत शेतीचा सरासरी आकार २०२२ च्या कृषिगणनेनुसार सुमारे १८७ हेक्टर आहे. भारतात २०१५-१६ च्या गणनेनुसार सरासरी वहितीचा आकार १.०८ हेक्टर आहे. गव्हाच्या हेक्टरी उताऱ्यात हे दोन देश आज जवळजवळ बरोबरीत असले, तरी त्यांच्या शेतकऱ्यांच्या उत्पन्नातील दरी उताऱ्याच्या कोष्टकात दिसणारच नाही. ती माणशी जमिनीत आहे, आणि शेती सोडून इतरत्र जाऊ पाहणाऱ्याला रोजगार मिळतो की नाही, यात आहे. भारतातील कामकऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक आजही शेतीवर आहेत.

भाताच्या बाबतीत थायलंड आणि जपान यांची जोडी अशीच बोधप्रद आहे. थायलंडचा उतारा जपानच्या निम्म्याहूनही कमी. तरी तांदळाच्या निर्यातीत तो देश कित्येक दशके जगात अग्रेसर होता. जपानने १९७० पासून २०१८ पर्यंत भाताखालील क्षेत्र आवरून धरण्याचे धोरण राबविले आणि आयातीवर भारी जकात ठेवली. ईशान्य थायलंडचा कोरडवाहू शेतकरी सुगंधी तांदूळ पिकवितो. उतारा कमी असला तरी भाव चांगला येतो. तो ‘अनुत्पादक’ आहे असे म्हणणे धाडसाचे होईल.

ऑस्ट्रेलियात टंचाई आहे ती पाण्याची. तेथील शेतीने आपले मापही त्यानुसार घडविले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील दोन कृषिसंशोधकांनी १९८४ साली एक साधा हिशेब मांडला. हंगामात पिकाला मिळालेल्या पाण्यातून बाष्पीभवनाने जाणारे सुमारे ११० मिलिमीटर वजा करावेत; उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरला हेक्टरी २० किलो गहू ही मर्यादा धरावी. ३१० मिलिमीटर पाणी मिळाले असेल तर मर्यादा ४० क्विंटलांची झाली. ज्याला २५ क्विंटल उतारा पडला त्याने आपली तुलना इंग्लंडशी न करता या ४० क्विंटलांशी करावयाची आणि उरलेले १५ क्विंटल कोठे गेले याचा शोध घ्यावयाचा: तणात, उशिरा झालेल्या पेरणीत, की नत्राच्या तुटवड्यात? या हिशेबात नंतर सुधारणा झाल्या. परंतु शेतकऱ्याच्या हाती त्याच्या स्वतःच्या पावसाचे माप देण्याचे मोठे काम त्याने केले.

मालदांडीचा न्याय

असे माप सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाडा येथील रब्बी ज्वारीला कोणी लावून दाखविले तर बरेच गैरसमज दूर होतील. हे पीक पावसाळा ओसरताना पेरले जाते आणि पुढे काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. परतीचा पाऊस साधला तर साधला. न साधला तर कणसे भरण्याच्या वेळीच जमीन भेगाळते. महाराष्ट्रातील ज्वारीचा सरासरी उतारा हेक्टरी दहा क्विंटलांच्या आतबाहेर राहतो आणि अमेरिकेत तो चाळीस क्विंटलांच्या आसपास असतो, ही तुलना वारंवार केली जाते. अमेरिकेतील ज्वारी मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी आणि इंधनासाठी, उन्हाळ्याच्या लांब दिवसांत वाढणारी असते. रब्बी ज्वारी हिवाळ्याच्या आखूड दिवसांत, सरत्या ओलीवर वाढते.

शिवाय येथील शेतकरी ज्वारीची एकच फसल घेत नाही, दोन घेतो: दाणा आणि कडबा. दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी दाण्याइतकीच मोलाची ठरते, कारण बैलजोडी आणि दुभती म्हैस तिच्यावर जगते. बुटक्या संकरित वाणांचा दाणा अधिक, पण कडबा कमी. म्हणून मालदांडी सोडावयास शेतकरी नाखूश राहिला. सरकारी कोष्टकात कडब्याचा रकानाच नसल्यामुळे त्याचा हा व्यवहारी निर्णय ‘पुराणमतवाद’ म्हणून नोंदला गेला. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली असे प्रतिपादन केले होते की, पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाती असलेल्या साधनांचा वापर तो काटेकोरपणे करतो. आपल्या विवेचनासाठी त्यांनी उत्तर प्रदेशातील सेनापूर या खेड्याच्या अभ्यासाचा आधार घेतला होता. त्यांचा सिद्धान्त सर्वत्र लागू पडतो असे नाही. मात्र कडब्याची गंजी पाहिली की त्यातील तथ्यांश नाकारता येत नाही.

या गैरसमजाचे परिणाम कागदावर राहिलेले नाहीत. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र ज्वारीखाली होते; आज ते एक-तृतीयांशाहूनही कमी उरले आहे. खरिपाची ज्वारी सोयाबीनने हटविली, पाणी पोहोचले तेथे उसाने. शिधावाटपाच्या दुकानांतून गहू आणि तांदूळ देण्यात आला. ज्वारीला आधारभूत किंमत जाहीर होत राहिली, खरेदी मात्र नाममात्र झाली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले. पण तोवर शहरातील वाणसामानाच्या दुकानांत ज्वारी गव्हाहून महाग झाली होती. ज्या भाकरीवर पिढ्या पोसल्या, ती कष्टकऱ्याच्या ताटातून निघून हौसेच्या ताटात गेली. ‘कमी उताऱ्याचे पीक’ हा शिक्का या घसरणीचे एकमेव कारण नव्हे. मात्र संशोधन, पाणी आणि खरेदी यांत ज्वारीच्या वाट्याला जे दुर्लक्ष आले, त्याचे समर्थन या शिक्क्याने केले.

म्हणून उताऱ्याचे आकडे फेकून द्यावेत असे नव्हे. भारताची शेतजमीन वाढणारी नाही आणि उतारा वाढविल्यावाचून गत्यंतर नाही, हे उघड आहे. प्रश्न आहे तो तुलना कोणाशी करावयाची, हा. सोलापूरच्या शेताची तुलना इंग्लंडशी किंवा अमेरिकेशी केल्याने हाती केवळ न्यूनगंड लागतो. त्याच तालुक्यात, तेवढ्याच पावसात, तशाच जमिनीवर कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर जो उतारा पडतो, त्याच्याशी केली म्हणजे कामाची यादी हाती लागते. बांधबंदिस्ती झाली आहे काय? कणसे पोटरीत असताना एक संरक्षित पाणी देता येईल काय? राज्याच्या लागवडीच्या क्षेत्राचा अल्पसा भाग व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा घेतो. त्यातील थोडेसे पाणी अशा एका पाळीसाठी वळविले तर दर घनमीटर पाण्यामागे धान्य आणि कडबा किती वाढेल? आणि वाढलेले धान्य आधारभूत भावाने विकत घेण्यास कोणी उभे राहील काय?

महाराष्ट्रात सुमारे चार-पंचमांश शेती पावसावर अवलंबून आहे. तिच्या उत्पादकतेचा हिशेब पाण्याच्या थेंबाशी, माणसाच्या श्रमाशी आणि जनावरांच्या वैरणीशी जोडून मांडला जाणे, ही केवळ संख्याशास्त्राची बाब नाही. कोणत्या शेतकऱ्याला पाणी द्यावयाचे आणि कोणत्या धान्याला बाजार मिळवून द्यावयाचा, हे त्या हिशेबावरून ठरते. आजवर तो चुकीच्या पट्टीने मोजला गेला. पट्टी बदलण्यास पैसा फारसा लागत नाही. परंतु पाण्याच्या आणि खरेदीच्या वाटपावर ज्यांची पकड आहे, त्यांना नवे माप अडचणीचे ठरेल. कोष्टक बदलण्यास होणाऱ्या विलंबाचे कारण तेथेच शोधावे लागेल.